फडातल्या लेकरांकडेही लक्ष असू द्या



दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातले कोयते बाहेर पडतात, ते उन्हाळ्यात परततात. काही टोळ्या आपल्याही फडात असतात. हे पाच-सहा महिने आपल्याला गाळपाचे; झोळीतल्या लेकराला ते जेवायला अन् बोलायला शिकण्याचे.

सहा महिने आईचं दूधच पुरे, वरचं पाणीही नको. सहा महिने भरले की उष्टावण लांबवू नये. मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी भरवावी. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावं. चहा-साखरेनं पोट भरतं, बाळसं येत नाही.

वर्षाच्या आसपास एखादा शब्द, दोन वर्षांचं झालं की ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडता यावेत. आवाजाकडे लेकरू वळत नसेल तर ‘बोलेल आपोआप’ म्हणून थांबू नका, कान तपासून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची मोफत तपासणी होते.

लेकरू बोलायला शिकतं ते माणसांच्या बोलण्यातूनच. म्हणून आमची विनंती एवढीच: झोळीला सावली, प्यायला उकळलेलं पाणी आणि आईला भरवायला, चार शब्द बोलायला सवड द्या. गाडी भरायला अर्धा तास उशीर झाला तर चालेल. लेकराचं हे वय परत यायचं नाही.