वाया जाणाऱ्या वायूची वीज

सुगरणीच्या घरात सहसा काहीच वाया जात नाही. तांदळाचे धुवण झाडांना घातले जाते, भाजीचे देठ व साली गोठ्यात जातात, चुलीतील राखही भांडी घासण्याच्या उपयोगी पडते. कारखाना हेही एक मोठे घरच होय. तेथे मुख्य पदार्थ तयार होत असताना त्याच्याबरोबर दुसरे काही पदार्थ आपोआप तयार होतात. त्यांना उपपदार्थ असे म्हणतात. साखर कारखान्यात उसाचा रस काढल्यावर चिपाड उरते. ते बाष्पकाखाली जाळून कारखाना वाफ आणि वीज मिळवतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. चिपाडाचा ढीग डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचा उपयोग करण्याची कल्पना सहज सुचते. परंतु उपपदार्थ जर वायुरूप असेल, आणि तोही रंगहीन व गंधहीन असेल, तर? तो नळीवाटे आकाशात निघून जातो आणि आपले काही गेले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा एका वायूपासून रासायनिक कारखान्यांत वीज कशी मिळवली जाते, ते या पाठात पाहू.

वायू मोकळा सोडून देण्याची किंमत किती मोठी असते, हे इंग्लंडमधील लोकांना एकोणिसाव्या शतकात चांगलेच कळले. त्या काळी साबण व काच यांसाठी लागणारा सोडा मिठापासून तयार करीत. निकोला लब्लां या फ्रेंच रसायनज्ञाने ही रीत शोधून काढली होती. तिच्यात मिठावर गंधकाम्लाची क्रिया होताच हायड्रोजन क्लोराइड नावाचा तीव्र आम्लधर्मी वायू निघे. कारखानदार तो धुराड्यांतून बाहेर सोडीत. सेंट हेलेन्स, विडनेस यांसारख्या गावांच्या आसपासची झाडे त्यामुळे वठली, पिके करपली. कारखानदारांनी धुराडी उंच केली, तर उपद्रव कमी न होता तो अधिक दूरवर पसरला. १८३६ साली विल्यम गॉसेज या रसायनज्ञाने एक साधा उपाय शोधला. एका जुन्या पवनचक्कीच्या मनोऱ्यात त्याने झाडाझुडपांच्या फांद्या भरल्या, वरून पाण्याची धार सोडली आणि खालून हा वायू आत घेतला. वायू पाण्यात विरून गेला. पुढे १८६३ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून या वायूचा शंभरातील पंचाण्णव भाग अडवण्याची सक्ती केली. अडवलेले आम्ल आरंभी ओढ्यानाल्यांत सोडले जाई; परंतु थोड्याच वर्षांत त्यापासून क्लोरीन, आणि क्लोरीनपासून कापड व कागद शुभ्र करणारी भुकटी तयार होऊ लागली. ज्या वायूमुळे शेतकरी कारखानदारांवर फिर्यादी करीत, तोच वायू कारखान्याला उत्पन्न मिळवून देऊ लागला.

याच सुमारास लोखंडाच्या कारखान्यांतही असाच अनुभव आला. लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्टीच्या तोंडातून जो वायू बाहेर पडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो विषारी आहे, परंतु जळणाराही आहे. पूर्वी तो भट्टीच्या तोंडावरच पेट घेई आणि रात्री त्या ज्वाळा दूरवरून दिसत. मग तो नळांतून खाली आणून भट्टीत फुंकावयाची हवा तापवण्यासाठी जाळू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर यंत्रे चालवून वीजही निर्माण करू लागले. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यातही असा वायू जाळून वीज मिळवली जाते.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. मीठ हा आजही रसायन उद्योगाचा एक मोठा आधार आहे. स्वच्छ मिठाचे दाट द्रावण घेऊन त्यातून विजेचा प्रवाह सोडला, तर मीठ व पाणी या दोहोंचे विघटन होते. धनाग्रापाशी पिवळसर हिरवा क्लोरीन वायू जमतो, ऋणाग्रापाशी हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि द्रावणात कॉस्टिक सोडा तयार होतो. क्लोरीनमुळे पिण्याचे पाणी निर्जंतुक होते, प्लॅस्टिकचे नळ बनतात; कॉस्टिक सोड्यावाचून साबण, कागद व अॅल्युमिनियम यांचे कारखाने चालावयाचे नाहीत. या दोन पदार्थांसाठीच कारखाना उभारलेला असतो. हायड्रोजन हा तिसरा पदार्थ मात्र कोणी मागितलेला नसताना तयार होतो.

त्याचे प्रमाण किती असते, ते पाहा. एक टन क्लोरीन तयार होताना सुमारे २८ किलोग्रॅम हायड्रोजन निघतो. वजनाने हा आकडा अगदी लहान वाटतो. परंतु हायड्रोजन हा सर्व वायूंत हलका असल्यामुळे एवढा वायू दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा दिवाणखाना भरून टाकील. मोठ्या कारखान्यात दिवसाला शेकडो टन क्लोरीन तयार होतो, हे लक्षात घेतले म्हणजे हायड्रोजनचा साठा किती होईल, याची कल्पना येते. हा वायू निरुपयोगी नाही. त्यापासून मिठाचे आम्ल व अमोनिया बनवता येतो. तेलाचे वनस्पती तूप करावयासही तोच लागतो. परंतु असा एखादा कारखाना जवळपास नसेल, तर अडचण उभी राहते. इतका विरळ वायू दूर न्यावयाचा, तर तो प्रचंड दाबाखाली टाक्यांत भरावा लागतो, आणि त्या खटाटोपाचा खर्च वायूच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून कित्येक ठिकाणी तो हवेत सोडून देण्यात येई.

त्याचा उपयोग करण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो बाष्पकाखाली जाळणे. त्याने वाफ होते, आणि त्या वाफेवर जनित्र फिरवता येते. २०१० साली इटलीत व्हेनिसजवळील फुझिना येथे शेजारच्या रासायनिक कारखान्यांतील हायड्रोजन थेट झोतयंत्रात जाळून वीज निर्माण करणारे केंद्र सुरू झाले. परंतु या मार्गात इंधनाची आधी उष्णता, उष्णतेची गती आणि गतीची वीज करावी लागते. प्रत्येक रूपांतराच्या वेळी ऊर्जेचा काही भाग हातचा निसटतो. हायड्रोजन न जाळताच त्याची वीज करता आली तर?

असा मार्ग आहे, आणि तो बराच जुना आहे. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विजेने पाण्याचे विघटन करण्याच्या प्रयोगाचा उलटा विचार केला. विजेच्या योगाने पाण्यापासून हायड्रोजन व प्राणवायू वेगळे होतात. मग हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले, तर वीज परत मिळावयास हवी. त्याने प्लॅटिनमच्या पट्ट्या घेऊन प्रयोग केला आणि विजेचा प्रवाह खरोखरच मिळाला. यालाच आज इंधनघट म्हणतात. पुढे १९६५ साली अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानात वीज पुरवण्यासाठी असेच घट वापरले गेले.

इंधनघटाची रचना समजण्यास कठीण नाही. त्याच्या मध्यभागी एक पातळ पडदा असतो. एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने हवा येते. पडद्याला लागून प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्या सान्निध्यात हायड्रोजनचे अणू फुटून प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा प्रोटॉनना वाट देतो, परंतु इलेक्ट्रॉनना अडवतो. त्यांना पलीकडे जाण्यासाठी बाहेरच्या तारेतून वळसा घ्यावा लागतो. पाटाचे पाणी जाता जाता पाणचक्की फिरवते, त्याप्रमाणे तारेतून जाणारे हे इलेक्ट्रॉन आपले काम करून पुढे जातात. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग होऊन पाणी बनते. धूर नाही, राख नाही. अशा एका घटाचा दाब एक व्होल्टपेक्षाही कमी असतो. म्हणून शेकडो घट एकावर एक रचून त्यांची चळत करतात. शिवाय आणखी एक सोय आहे. मिठाच्या द्रावणाला एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे एकदिश वीज लागते, आणि इंधनघटही तशीच वीज देतो.

बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ लिलो येथील क्लोरीनच्या कारखान्यात १ मेगावॉट शक्तीचे इंधनघटांचे केंद्र उभारण्यात आले. त्याने सुमारे ८०० तासांत ५ लाखांहून अधिक युनिट वीज दिली, असे २०१२ साली जाहीर झाले. २०१६ साली चीनमधील यिंगकौ येथील रासायनिक कारखान्यात २ मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. २०२० साली तर दक्षिण कोरियातील देसान येथे याहून कितीतरी मोठे, ५० मेगावॉटचे वीजकेंद्र पूर्ण झाले. त्यात ४४० किलोवॉट शक्तीची ११४ यंत्रे बसवण्यात आली. हायड्रोजन मात्र येथे मिठापासून येत नाही. तो शेजारच्या खनिज तेलापासून रसायने बनवणाऱ्या कारखान्यांतून जमिनीखालच्या नळाने येतो.

हे वाचून कोणी म्हणेल, "मग कारखान्याने आपलीच वीज पुन्हा पुन्हा वापरावी, बाहेरची वीज हवीच कशाला?" या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देऊ. एक टन क्लोरीन तयार करण्यास सुमारे २,५०० युनिट वीज खर्च होते. त्याबरोबर निघालेल्या २८ किलोग्रॅम हायड्रोजनमध्ये सुमारे ९३० युनिटांइतकी ऊर्जा असते. इंधनघट त्यातील सुमारे निम्म्या ऊर्जेची वीज करतो. म्हणजे ४६० युनिटांच्या आसपास वीज परत येते. शंभर रुपये खर्च करणाऱ्यास अठरा रुपये परत मिळावेत, तसाच हा प्रकार आहे. उरलेली ऊर्जा काही क्लोरीन व कॉस्टिक सोडा यांत साठलेली असते, तर काही उष्णतेच्या रूपाने निघून जाते. निसर्ग कोणालाही फुकट काही देत नाही. परंतु जेथे विजेवर फार मोठा खर्च होतो, तेथे जवळजवळ पाचवा हिस्सा परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

या कामात सावधगिरीही फार लागते. कारखान्यातून निघालेला हायड्रोजन दमट असतो आणि त्यात इतर द्रव्यांचा अंश असू शकतो. कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूचा लेश जरी घटात शिरला, तरी प्लॅटिनमची शक्ती मंदावते. म्हणून वायू आधी शुद्ध करून घ्यावा लागतो. शिवाय हवेत शंभर भागांत चारपासून पंचाहत्तर भागांपर्यंत हायड्रोजन मिसळलेला असेल, तर ते मिश्रण एका ठिणगीने पेट घेते. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि वायूला वासही नाही. त्यामुळे गळती ओळखणारी यंत्रे व खेळती हवा यांवाचून अशा केंद्रात काम करणाऱ्यांचा जीव धोक्यात येईल.

वीज करणे हाच या वायूचा सर्वोत्तम उपयोग असतो, असेही नाही. शेजारी हायड्रोजन लागणारा दुसरा कारखाना असेल, तर त्याला तो देणेच अधिक शहाणपणाचे ठरेल. कोणता उपयोग करावा, हे स्थळ पाहून ठरवावयाचे. परंतु काहीच उपयोग न करता तो सोडून देणे, हे मात्र शहाणपणाचे नव्हे. धुराड्याबाहेर गेलेली वस्तू आपल्या डोळ्यांआड होते, जगाबाहेर जात नाही. विडनेसच्या शेतकऱ्यांना हे करपलेल्या पिकांवरून कळले. हायड्रोजनची गोष्ट त्याहून वेगळी आहे. तो पिके करपवीत नाही, त्यामुळे त्याची कोणी फिर्याद करीत नाही. म्हणूनच त्याची मोजदाद कारखान्याने आपण होऊन करावयास हवी.