देवमासे कोणाच्या हद्दीतले?

अमरावती शहराला पिण्याचे पाणी येते ते सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. धरण नसते तर हे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागराला मिळाले असते. पण शहरात वापरून झालेले पाणी अंबा नाल्याने पेढी नदीत जाते, पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला. अकोल्याची काटेपूर्णा आणि मोर्णाही याच वाटेने जातात. वर्गात भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून ही वाट शोधायला सांगितली, की मुलांना आश्चर्य वाटते. आपल्यापासून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास. वऱ्हाडात खारे पाणी म्हटले की आठवतात त्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरी!

या समुद्राशी आपला नदीपेक्षाही जवळचा संबंध आहे, तो वाऱ्याचा. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून बाष्प आणतो आणि त्यावर आपली कपाशी आणि तूर उभी राहते. हाच वारा समुद्राच्या पलीकडच्या काठावर, ओमान देशाजवळ, आणखी एक काम करतो. ओमानचा किनारा साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेलेला आहे, म्हणजे वारा तिथे किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरच्या थरातले पाणी एकंदरीत वाऱ्याच्या उजवीकडे सरकते. ओमानच्या बाबतीत उजवीकडे म्हणजे भर समुद्राकडे. (हे सांगताना फळ्यावर बाण काढूनच सांगावे, नाही तर मुले हमखास गोंधळतात.) वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर गेले की त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. त्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी द्रव्ये भरपूर असतात. सूर्यप्रकाश आणि खत एकत्र मिळाल्यावर शेतात जे होते तेच समुद्रात होते. सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर तारलीसारखे लहान मासे आणि या सगळ्यांवर देवमासे जगतात.

देवमासा हा मासा नव्हे, फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हे शिक्षकांना सांगायला नको. वर्तमानपत्रांत मात्र कधी कधी 'व्हेल शार्क' या खऱ्याखुऱ्या माशालाही देवमासाच म्हटलेले आढळते, तेवढे लक्षात ठेवावे.

आम्हाला येथे सांगायचे आहे ते हंपबॅक या जातीविषयी. पाठीवरच्या लहानशा उंचवट्यामुळे याला कुबडाचा देवमासा म्हणतात. जगातल्या इतर समुद्रांतले हंपबॅक मोठे प्रवासी आहेत. उन्हाळा ध्रुवांकडच्या थंड पाण्यात खाण्यात घालवायचा आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर पोहून विषुववृत्ताजवळच्या कोमट पाण्यात वीण करायची, हा त्यांचा क्रम. अरबी समुद्रातले हंपबॅक असे करीत नाहीत. उत्तरेला त्यांना आशियाच्या भूमीने अडवलेले आहे, आणि पावसाळी वाऱ्याने वर आणलेले अन्न त्यांना इथेच मिळते. ते बारा महिने याच समुद्रात राहतात. जनुकांच्या अभ्यासावरून ही वस्ती सुमारे ७० हजार वर्षांपासून इतर हंपबॅकपासून वेगळी पडलेली असावी, असे दिसते. म्हणजे इथले संपले तर बाहेरून येऊन कोणी ती जागा भरून काढील, अशी आशा धरता येत नाही.

हे देवमासे स्थलांतर करीत नाहीत हे कसे कळले, ती हकिकत मात्र सुखद नाही. देवमाशांच्या शिकारीला आळा घालण्यासाठी २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय देवमासे आयोग स्थापन झाला. कोणत्या जातीचे किती प्राणी मारायचे हे आयोग ठरवी आणि प्रत्येक देश आपला हिशेब आयोगाला कळवी. तो हिशेब तपासायला जहाजावर निरीक्षक असे, पण तो त्याच देशाने नेमलेला! दुसऱ्या देशाचा निरीक्षक जहाजावर ठेवण्याची पद्धत सुरू व्हायला १९७२ साल उजाडले.

या फटीतून काय काय निसटले ते पुढे कळले. सोव्हिएत संघाच्या शिकारी जहाजांनी दक्षिण गोलार्धात सुमारे २,७०० हंपबॅक मारल्याचे आयोगाला कळवले होते. खरा आकडा ४८ हजारांच्या वर होता. हीच जहाजे अंटार्क्टिकाकडे जाता-येता अरबी समुद्रातही शिरत. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत त्यांनी येथे २४२ हंपबॅक मारले, त्यांतले बहुतेक सगळे १९६६ च्या नोव्हेंबरात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर. याशिवाय उत्तर हिंदी महासागरात बाराशेवर निळे देवमासे मारले गेले. किनाऱ्यावरच्या देशांना याचा पत्ताही नव्हता.

हे उघडकीला आले ते १९९३ मध्ये, अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जाहीरपणे सांगितले तेव्हा. जहाजांवर काम केलेल्या काही शास्त्रज्ञांनी आणि निरीक्षकांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांच्यापैकी मिखालेव्ह यांनी अरबी समुद्रातल्या शिकारीच्या नोंदी १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. दक्षिण गोलार्धातल्या हंपबॅकची पिले साधारण जुलै ते सप्टेंबरात जन्मतात, तेव्हा नोव्हेंबरात गाभण मादीच्या पोटातला गर्भ अगदी लहान असायला हवा. येथे मारलेल्या माद्यांच्या पोटातले गर्भ मात्र मोठे, म्हणजे उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाशी जुळणारे होते. शिवाय पोटे अन्नाने भरलेली होती. वीण करायला कोमट पाण्यात आलेले हंपबॅक सहसा काही खात नाहीत. यावरून हे प्राणी इथलेच, इथेच खाणारे आणि इथेच विणारे, असा निष्कर्ष निघाला. बेकायदा कत्तलीच्या लपवलेल्या वह्यांनीच या वस्तीचे वेगळेपण सांगावे, याला काय म्हणावे?

आज ते किती उरले आहेत? हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्यापांढऱ्या खुणा असतात आणि त्या आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. ओमानजवळ २००० ते २००४ या काळात काढलेल्या छायाचित्रांवरून केलेला अंदाज ८२ होता. शाळेतल्या दोन तुकड्या भरतील, इतकेच!

दरम्यान करारांची संख्या वाढत गेली. सेशेल्स या छोट्या बेटराष्ट्राच्या प्रस्तावावरून १९७९ मध्ये आयोगाने हिंदी महासागर देवमाशांचे अभयक्षेत्र म्हणून जाहीर केला. १९८२ मध्ये व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचे ठरले आणि ती १९८५-८६ च्या हंगामापासून अमलात आली. भारत १९८१ मध्ये आयोगाचा सभासद झाला. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांसाठी बॉन येथे १९७९ मध्ये वेगळा करार झाला, त्यात भारत १९८३ पासून आहे. त्याची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला भरली होती.

भूमध्य आणि काळ्या समुद्राभोवतालच्या देशांनी १९९६ मध्ये केवळ आपल्या समुद्रातल्या देवमाशांसाठी आणि डॉल्फिनसाठी स्वतंत्र करार केला. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्रासाठीही असा करार आहे. अरबी समुद्रासाठी नाही. भारत आणि ओमान देवमासे आयोगात एकत्र असतात, भारत आणि पाकिस्तान बॉन करारात. पण या समुद्राच्या काठावरचे सगळे देश याच एका कामासाठी बांधले गेले आहेत, असे व्यासपीठ अजून उभे राहिलेले नाही. २०१५ मध्ये संशोधकांनी आपले एक जाळे उभारले आणि २०१७ मध्ये बॉन करारातील देशांनी अरबी समुद्रातल्या हंपबॅकसाठी एकत्र कृती करण्याचे मान्य केले. ही सुरुवात चांगली आहे, पण आमच्या मते कागदावर सही होण्यापेक्षा समुद्रावर काय घडते हे पाहणारा कोणी असणे जास्त महत्त्वाचे. १९६६ मध्ये करार होताच की!

आज हार्पून नाही, पण जाळी आहेत. ट्यूनासाठी (कोकणात याला कुपा म्हणतात) कित्येक किलोमीटर लांबीची जाळी रात्रभर पाण्यात सोडली जातात. श्वासासाठी वर येणारा डॉल्फिन त्यात अडकला की गुदमरून मरतो. पाकिस्तानात काही बोटींच्या तांडेलांना नोंदी ठेवायला शिकवण्यात आले आणि जाळे पृष्ठभागावर न ठेवता दोन मीटर खाली सोडून पाहण्यात आले. अडकणाऱ्या डॉल्फिनची संख्या तीन चतुर्थांशांहून अधिक घटली. दोन मीटर दोरी, एवढाच खर्च! महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून वेगळा उपाय आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छिमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याची भरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. जाळे हे मच्छिमाराचे भांडवल असते. ते कापायला सांगणारा कायदा भरपाईशिवाय पाळला जाईल, ही अपेक्षाच चुकीची होती.

कायद्याचा हात किती लांब पोचतो हाही प्रश्न आहेच. देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ एका हंपबॅक मादीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवण्यात आले. तिचे नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे धूपाचा डिंक. आपल्याकडचा 'लोबान' हा शब्द तिथूनच आला. सगळ्यांना वाटले होते की ती ओमानच्याच आसपास फिरेल. डिसेंबरात तिने समुद्र ओलांडला, भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आली, खाली दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा ओमानकडे परतली. या वस्तीतला देवमासा अशा रीतीने समुद्र ओलांडताना प्रथमच नोंदला गेला.

वर्गात एक सेंटिमीटरला शंभर किलोमीटर या प्रमाणाचा अरबी समुद्राचा नकाशा काढून घ्यावा. त्यावर तापीचे मुख दाखवावे, पावसाळी वाऱ्याचे बाण काढावेत. लुबानने समुद्र आडवा ओलांडला ते अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, म्हणजे नकाशावर पंधरा सेंटिमीटर भरेल. देशाच्या सागरी हद्दीची रेघ किनाऱ्यापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर येईल, तेव्हा पेन्सिलीला चांगले टोक करून घ्यावे लागेल.