भिंतीआडची बुरशी नाकाने शोधा

मुरबाड-शहापूरकडे भात झोडून-भरडून झाले, की पोते-दोन पोती तांदूळ ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला मुलाकडे जातो. तिथे जागा कमी. पोते बहुधा न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठेवले जाते. श्रावणात खोलीत कुबट वास येऊ लागतो, धाकटे पोर रात्रभर खोकते, आणि घरचे म्हणतात, “पावसाळाच आहे, चालायचेच!” इथेच चूक होते. भिंत समोरून स्वच्छ दिसली, तरी बुरशी आड दडलेली असते.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. २६ जुलै २००५ च्या महापुरात, आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याण भागात घरांत शिरले. पूर ओसरतो, पण भिंतींनी प्यालेले पाणी लवकर ओसरत नाही. भिजल्या वस्तूवर बुरशी एक-दोन दिवसांतही धरते.

मग ती शोधायची कशी?

पहिले साधन आपले नाक. घर तासभर बंद ठेवा, बाहेर मोकळ्या हवेत फिरून या आणि कोपरा न् कोपरा हुंगा. रोज राहणाऱ्याला हा वास कळेनासा होतो, म्हणून आलेल्या पाहुण्यालाही विचारा. जिथे वास जास्त, तिथे कपाट हातभर पुढे ओढा. कपाटाची पाठ, गादीची खालची बाजू, तसबिरींमागची भिंत, मोरीलगतचा कोपरा, माळ्यावरची बोचकी, गावी असाल तर कौलाखालची लाकडे, सगळे बॅटरी घेऊन पाहा.

रंगाला फुगे आले, पोपडे सुटले, तर आत पाणी आहे असे समजा. भिंतीवर पांढरी पूड दिसली, तर तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. विरघळली तर ते क्षार, नाही तर बुरशीचा संशय धरा. क्षार असले, तरी ओल आहेच.

ही ओल कुठली, हेही घरीच कळते. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. दव खोलीच्या बाजूला असेल, तर हवा दमट आहे. खिडक्या उघडा, ओले कपडे आत वाळवू नका. दव प्लास्टिकच्या मागे असेल, तर पाणी भिंतीतून येते. नळ, गच्ची, कौले तपासा. आधी पाणी थांबवा. नुसता रंग फासलात, तर पुढच्या पावसाळ्यात बुरशी पुन्हा वर येईल.

बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ती घरभर उडते. नाकातोंडाला फडके बांधा आणि साबणाच्या पाण्याने पुसून जागा खडखडीत वाळवा. ब्लीचिंग पावडर वापरलीत, तर तिच्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका; विषारी वायू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितले आहे, की ओल्या, बुरशीच्या घरात श्वासाचे विकार आणि दमा बळावतो. पोराचा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दलही सांगा.

आता पोत्याकडे वळा. १९७४ साली गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशीचे हे विष धुऊन वा शिजवून जात नाही. बुरसलेले धान्य, शेंगदाणे खाऊ नका, गुराढोरांनाही घालू नका. धान्य चांगले वाळवूनच भरा, पोते फळीवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

यंदा मुलाला तांदूळ पाठवाल, तेव्हा एवढे अवश्य विचारा: “पोते कुठे ठेवलेस, आणि त्यामागची भिंत कोरडी आहे ना?”