पाण्याच्या वाटेनं बेळगाव

बेळगावच्या उद्यमबागेत बाहेरगावचा माणूस येतो तो कामासाठी. कास्टिंगची ऑर्डर द्यायची, मशिनिंग झालेला जॉब तपासायचा, दुपारी जेवायचं आणि संध्याकाळची गाडी धरायची. पुण्या-मुंबईहून गोव्याला निघालेली कुटुंबंही याच खानापूर रस्त्यानं जातात. त्यांना चोर्ला घाट गाठायची घाई असते, म्हणून तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या गर्दीला वैतागून ती पुढं सरकतात. बेळगाव हे त्यांच्या लेखी चहाचं आणि कुंदा बांधून घ्यायचं ठिकाण. खरं तर दोन दिवस काढून मुद्दाम उतरावं, असं हे गाव आहे आणि त्याचा परिसर तर त्याहून जास्त.

या परिसराचं सगळं गुपित पावसात आहे. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीवर वसलेलं आहे. पश्चिमेला खानापूर तालुक्यात आमगाव, कणकुंबी ही चेरापुंजीची आठवण करून देणारी गावं; पूर्वेला तासा-दीड तासाच्या अंतरावर गोकाक, सौंदत्तीचा कोरडा माळ. एकीकडे लाल जांभा, भातशेती आणि जंगल, दुसरीकडे काळी रानं, ज्वारी, कापूस आणि वालुकाश्माचे उघडे कडे. एवढ्या थोड्या अंतरात निसर्ग इतका पालटतो, म्हणून इथली स्थळं यादी करून न बघता नदीच्या वाटेनं बघितलेली बरी.

पण आधी गाव. मध्यवर्ती बस स्टँडपासून जवळच भुईकोट किल्ला आहे. रट्टांच्या काळात तेराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला, पुढं आदिलशाहीत मजबूत केलेला, आणि १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोनं वेढा घालून पेशव्यांकडून घेतलेला. आत लष्कराची वस्ती आहे, तरी कमल बस्तीपर्यंत जाता येतं. १२०४ मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं हे जैन मंदिर बांधलं. बाहेरून ते बसकं, साधं वाटतं. मंडपात शिरून मान वर केली की छतातून खाली लोंबणारं भलंमोठं दगडी कमळ दिसतं. पाकळ्यांचे थर एकाखाली एक उतरत येतात. खालचे खांब काळ्या दगडाचे, लाकूड चरकावर धरावं तसे गोल घासलेले. त्यांच्यावर अजूनही चकाकी आहे. रोज लेथवर काम करणाऱ्या उद्यमबागेतल्या कारागिरानं तरी हे खांब एकदा हात लावून बघायलाच हवेत. आठशे वर्षांपूर्वी दगडावर अशी गोलाई आणणाऱ्या हातांचं मोल त्याला इतरांपेक्षा जास्त कळेल.

किल्ल्यातच १५१९ ची साफा मशीद आहे आणि रामकृष्ण मिशनचा आश्रमही. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून बेळगावला आले. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी आणि नंतर वन अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडं राहिले. शिकागो तेव्हा वर्षभर दूर होतं आणि या तरुण संन्याशाचं नाव कुणाला फारसं ठाऊक नव्हतं.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. त्याची सारी उभारणी गंगाधरराव देशपांडे यांनी केली. हजारो माणसं येणार तर पाणी कुठलं, म्हणून ही विहीर खोदली गेली. स्वागतगीत गाणाऱ्यांत गंगूबाई हनगल नावाची शाळकरी मुलगी होती. आज शेजारून वाहनं धावत असतात आणि रोज याच रस्त्यानं कामाला जाणारे कितीतरी लोक तिथं एकदाही थांबलेले नसतात, याचं वाईट वाटतं.

आता पाण्याची वाट. बेळगावकर जे पाणी पितात त्यातलं बरंचसं राकसकोप जलाशयातून येतं. महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेलं हे धरण मार्कंडेय नदीवर आहे. पावसाळ्यात ते भरल्याची बातमी इथल्या मराठी वर्तमानपत्रांत ठळक येते आणि घरोघरी हायसं वाटतं. मार्कंडेय उगम पावते बैलूरच्या डोंगरात, सह्याद्रीच्या ऐन पावसात. पण समुद्र इतका जवळ असताना ती तिकडं न वळता ईशान्येला निघते. गोकाक तालुक्यात गोडचिनमलकीला ती दोन टप्प्यांत कोसळते आणि मग घटप्रभेला मिळते.

घटप्रभेचा गोकाकचा धबधबा बेळगावपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून नदी सुमारे १७० फूट खाली झेप घेते. जुलै ते सप्टेंबरात पाणी गढूळ, तांबूस असतं आणि आवाज दूरवर ऐकू येतो. उन्हाळ्यात तिथं नुसता कातळ. वर हिडकल धरण झाल्यापासून पाणी सोडण्यावरही बरंच अवलंबून असतं, तेव्हा चौकशी करूनच निघावं. जवळच २०० मीटरच्या आसपास लांबीचा झुलता पूल आहे आणि त्या पलीकडं कापडगिरणी. गिरणी १८८५ ची, आणि १८८७ मध्ये या पाण्यावर इथं वीज तयार झाली. काठावर महालिंगेश्वराचं प्राचीन देऊळ आहे. परतताना गोकाकचं करदंट घ्यावं: डिंक, गूळ आणि सुकामेवा घालून केलेल्या या वड्या बरेच दिवस टिकतात.

पश्चिमेकडं जायचं तर उद्यमबाग ओलांडून पिरनवाडीला यायचं. इथं रस्ता फुटतो. सरळ खानापूर, उजवीकडं जांबोटी आणि चोर्ला. जांबोटीच्या रस्त्यावर कणकुंबी लागते. तिथं मलप्रभा उगम पावते, आणि देवळापाशी बांधीव कुंड आहे. या एवढ्याशा मुलखात पाण्याची फाळणी होते. मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडं जाते. तिच्या शेजारच्या रानातून निघालेली म्हादई मात्र पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांचा तंटा आहे. २०१८ मध्ये लवादानं निवाडा दिला तरी वाद मिटलेला नाही. नकाशावर न कळणारा हा तंटा कणकुंबीत उभं राहिलं की लगेच समजतो.

याच भागातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झालं. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटन नावानं ओळखलं जाणारं दुर्मीळ वटवाघूळ राहतं. कित्येक दशकं जगात दुसरीकडं कुठं ते ठाऊकच नव्हतं. गुहांत पर्यटकांनी न शिरणंच योग्य. पावसाळ्यात या जंगलातल्या बऱ्याच धबधब्यांवर वनखातं बंदी घालतं. दरवर्षी कुणीतरी ती मोडतं आणि जिवाला मुकतं, म्हणून बंदी पाळावी.

ज्यांना एकच ठिकाण बघता येणार आहे त्यांनी हलशीला जावं. खानापूरपासून चौदा-पंधरा किलोमीटर. एकेकाळी पलाशिका नावानं कदंबांची राजधानी असलेलं हे गाव आज शांत शेतकरी खेडं आहे. गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात बांधलेल्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकात पृथ्वीला उचलून धरलेला वराह, दुसऱ्यात बसलेला विष्णू. मधल्या मंडपात उभं राहिलं तर दोन्ही देव एकमेकांकडं बघताना दिसतात. याच घराण्यातल्या कमलादेवी राणीचं कमलनारायण मंदिर कित्तूरजवळ देगावला आहे. कित्तूरला राणी चन्नम्मांचा पडका वाडा आहे. १८२४ मध्ये त्यांच्या सैन्याशी लढताना इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्यांचा शूर साथीदार संगोळी रायण्णा याला १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. तिथल्या त्याच्या समाधीवरच्या वडाला लोक आजही नवस बोलतात.

कणकुंबीची मलप्रभा पुढं सौंदत्तीजवळ डोंगर फोडून बाहेर पडते. त्या अरुंद खिंडीला नविलुतीर्थ म्हणतात आणि तिथंच धरण आहे. पलीकडच्या डोंगरावर रेणुका यल्लम्मा. पौष-माघातल्या पौर्णिमांना कोल्हापूर-सांगलीकडून लाखो भाविक येतात, भंडारा उधळत, ‘उदं गं आई उदं’च्या गजरात. गर्दी नको असेल तर पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवार टाळावेत. भल्या सकाळी बेळगाव सोडलं तर दर्शन, धरण आणि सौंदत्तीचा किल्ला हे सगळं एका दिवसात उरकतं. फक्त ऊन चढायच्या आत किल्ला बघून घ्यावा आणि पाणी बरोबर ठेवावं.