अन्नू राणीचा भाला

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी असो वा दूरचे दुसरे कोणतेही खेडे असो, चिंचेच्या झाडावर नेम धरून दगड भिरकावणारी मुले तेथे हटकून आढळतात. ज्याचा दगड सर्वांत उंच जातो, त्याच्या हाताची वाखाणणी होते. वास्तविक त्या फेकीत हाताचा वाटा थोडाच असतो. पायांनी रेटा दिला, कमरेला पीळ बसला, खांदा मागून पुढे आला आणि सर्वांत शेवटी हात सुटला, म्हणजेच दगड लांब जातो. भालाफेक हे याच साध्या क्रियेचे शास्त्रशुद्ध रूप होय.

स्त्रियांच्या स्पर्धेतील भाला ६०० ग्रॅम वजनाचा आणि सुमारे सव्वादोन मीटर लांबीचा असतो. खेळाडू वेगाने धावत येते, शेवटच्या काही पावलांत अंग तिरके करते आणि पुढचा पाय खुंटीसारखा जमिनीत रोवते. धावण्याचा वेग त्या पायाशी अडतो, आणि अडलेला तो वेग कंबर, खांदा, कोपर असा वर चढत अखेर भाल्यात उतरतो. पाय रेषेवर पडला, किंवा भाल्याचे टोक प्रथम जमिनीला टेकले नाही, तर ती फेक बाद ठरते. सारा कारभार क्षणार्धाचा. पण तो अंगवळणी पडण्यास वर्षे लागतात.

उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यात बहादुरपूर नावाचे गाव आहे. तेथे एका शेतकरी कुटुंबात २८ ऑगस्ट १९९२ रोजी अन्नू राणीचा जन्म झाला. क्रिकेट खेळताना ती चेंडू दुरून फेकी, तो थेट ठिकाणावर येई. थोरला भाऊ उपेंद्र याने ते हेरले आणि शेतातील ऊस तिच्या हाती देऊन तो फेकावयास लावला. खरा भाला विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून पुढे तिने बांबूचा भाला केला. मुलीच्या जातीने मैदानावर जावे, हे वडिलांना आरंभी रुचले नाही. भाऊ मात्र पाठीशी उभा राहिला. तो स्वतः धावपटू होता. परंतु एका घरातून दोघांचा खर्च निभणे कठीण, म्हणून त्याने आपली धाव थांबविली आणि बहिणीच्या बुटांसाठी लोकांकडून पैसे जमविले. अन्नूच्या पदकांची मोजदाद करताना हे बूट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाहीत.

२०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिने ५९.५३ मीटर भाला फेकून कांस्यपदक मिळविले. दोन वर्षांनी साठ मीटरांची वेस ओलांडणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिने पात्रता फेरीत ६२.४३ मीटरांची फेक केली आणि अंतिम फेरी गाठली. त्या स्पर्धेत भालाफेकीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय स्त्री तीच. तेथे तिचा क्रमांक आठवा लागला. २०२२ मध्ये जमशेदपूर येथे तिने ६३.८२ मीटरांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत तिचा भाला बरोबर ६०.०० मीटरांवर पडला आणि कांस्यपदक तिच्या गळ्यात आले.

यावरून तिची वाटचाल सरळ चढणीची होती असे वाटेल. पण ते खरे नव्हे. २०२१ साली टोकियो येथील ऑलिंपिकमध्ये तिचा भाला ५४.०४ मीटरांवरच थांबला होता. पात्रता फेरीत प्रत्येकीला तीनच संधी मिळतात. त्या हुकल्या की परतीची वाट धरावी लागते. २०२३ चे वर्ष तर फारच कठीण गेले. परदेशी जाऊन सराव केला, तरी मनाजोगी फेक साधेना. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ५७.०५ मीटरांवर ती पात्रता फेरीतच बाद झाली. खेळ सोडून द्यावा, असेही तिच्या मनात येऊन गेले.

अशा मनःस्थितीत ती चीनमधील हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत उतरली. तो दिवस ३ ऑक्टोबर २०२३ चा. त्या अंतिम फेरीत पहिल्या तीन फेकींनंतर आघाडीच्या आठजणींना आणखी तीन फेकी मिळणार होत्या. अन्नूने चौथ्या खेपेस भाला उचलला. धाव, तिरकी पावले, रोवलेला पाय, आणि भाला सुटला तो ६२.९२ मीटरांवर जाऊन रुतला. श्रीलंकेची नदीशा दिल्हान ६१.५७ मीटरांवर राहिली, चीनची ल्यू हुइहुई ६१.२९ मीटरांवर. आशियाई स्पर्धांत भालाफेकीचे सुवर्णपदक भारतीय स्त्रीने मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र ५५.८१ मीटरांच्या पुढे तिला जाता आले नाही, आणि अंतिम फेरी पुन्हा हुकली. त्यानंतर एक वर्ष लोटले. ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधील एका स्पर्धेत तेहतिशीला टेकलेल्या अन्नूने ६२.५९ मीटर भाला फेकला आणि पहिला क्रमांक पटकाविला.