औंढ्याच्या वेधशाळेला लागणारा एक ‘वाय’

सिद्धेश्वर धरणाची मातीची भिंत सहा किलोमीटरहून लांब आहे. वरच्या येलदरी धरणातून सोडलेलं पूर्णेचं पाणी इथे अडतं आणि कालव्यांनी शेतांकडे वळतं. १९६८ पासून हे चालू आहे. भिंतीच्या एका टोकाला उभं राहून दुसरं टोक शोधू लागलं, की चार किलोमीटर म्हणजे किती याचा अंदाज येतो. याच औंढा नागनाथ तालुक्यात लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या दोन भुजा एकमेकींशी काटकोनात असतील, प्रत्येकी चार किलोमीटर लांब.

संपादकांना आरसे आणि लेसर यांवर लेख हवा होता. ते विषय अनेकांनी उत्तम हाताळले आहेत. मी गुंतलो ते या उपकरणाच्या संगणकांत, आणि त्यातही एकाच प्रश्नात: संगणक चालू होताना त्याला स्वतःची फाइलसिस्टम, म्हणजे फाइली साठवण्याची रचना, वाचता येणार की नाही, हे कोण ठरवतं, आणि कधी?

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लिगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला ते जाहीर झालं. त्याच महिन्याच्या १७ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. २,६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी मिळायला एप्रिल २०२३ उजाडलं, आणि ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरचं आयपीआर आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा हे काम बघतात. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लिगो वेधशाळेत तिसऱ्या उपकरणासाठी तयार केलेले सुटे भाग भारतासाठी राखून ठेवलेले आहेत.

आता संगणक. लिगोचे मुख्य आरसे चाळीस किलोचे, काचेच्या तंतूंवर टांगलेले. ते जागच्या जागी धरून ठेवायचं काम अखंड चालतं. संवेदक मोजतात, संगणक हिशेब करतो, आरशाला हलकासा रेटा दिला जातो, पुन्हा मोजणी. वेगवान भागांत हा फेरा सेकंदाला १६,३८४ वेळा होतो. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे एकसष्ट मायक्रोसेकंद. एवढ्यात हिशेब पुरा झाला नाही तर पुढचा फेरा अंगावर येतो.

साधा लिनक्स एवढा वक्तशीरपणा पाळू शकत नाही, कारण त्याला मध्येच दुसरी पन्नास कामं सुचतात. अमेरिकेतल्या वेधशाळांनी यावर काढलेला तोडगा धाडसी आहे. शास्त्रज्ञ नियंत्रणाची आकृती पडद्यावर काढतात, तिच्यापासून सी भाषेतला कोड तयार होतो, आणि तो कंपाइल होतो कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाचं, मॉड्यूल म्हणून. मॉड्यूल चढवलं की प्रोसेसरचा एक गाभा लिनक्सच्या हातून काढून घेतला जातो. तो गाभा पुढे फक्त आरशाचा. लिनक्स उरलेल्या गाभ्यांवर आपला संसार चालवतो.

आरसे सांभाळणाऱ्या या संगणकांना स्वतःची डिस्क नाही. सगळे एका बूट सर्व्हरकडून नेटवर्कवरून सुरू होतात. सोय उघड आहे: प्रणालीची प्रत एकच, सुधारणा एकाच जागी करायची, आणि एखादा संगणक बिघडला तर त्याच्या जागी दुसरा लावून वायर जोडायची. पण त्यामुळे सुरुवातीच्या काही सेकंदांत एक अवघड क्षण येतो. नेटवर्क कार्ड सर्व्हरकडून कर्नल आणतं, कर्नल जागा होतो, आणि त्याला लगेच मूळ फाइलसिस्टम हवी असते. ती आहे दुसऱ्या संगणकावर. तिथपर्यंत पोचायला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लागतो, आयपी पत्ता लागतो आणि एनएफएसची भाषा यावी लागते. एनएफएस ही सन कंपनीने १९८४ मध्ये आणलेली, दुसऱ्या संगणकावरच्या फाइली आपल्याच असल्यासारख्या वापरू देणारी पद्धत. ही भाषा मॉड्यूल म्हणून वेगळी ठेवली असेल, तर ते मॉड्यूल कुठे आहे? त्याच सर्व्हरवरच्या फाइलसिस्टममध्ये. किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, तशी गत. पडद्यावर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ अशी ओळ येते आणि कर्नल पॅनिक होऊन थांबतो.

हे टाळायचं तर निर्णय कर्नल बांधतानाच घ्यावा लागतो. कर्नलच्या मूळ कोडच्या फोल्डरमध्ये ‘मेक मेनूकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर एक मेनू उघडतो. त्यातलं ‘फाइल सिस्टम्स’ हे दालन मला सगळ्यांत आवडतं. एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, पेनड्राइव्हची फॅट, सीडीची आयएसओ, नेटवर्कवरच्या फाइलसिस्टम्स, आणि प्रॉक, सिसएफएस, टीएमपीएफएस यांसारख्या डिस्कवर कुठेच नसलेल्या. बहुतेक ठिकाणी उत्तरं तीन. वाय म्हणजे कर्नलच्या पोटात कायमचं. एम म्हणजे बाजूला मॉड्यूल, लागेल तेव्हा चढवायचं. एन म्हणजे नाहीच. नेहमीच्या संगणकाला बहुतेक गोष्टी एम असल्या तरी चालतात, कारण त्याच्यासोबत इनिटरामएफएस नावाची छोटी शिदोरी असते. सुरुवातीला लागणारी मॉड्यूलं तिच्यात भरलेली असतात. डिस्क नसलेल्या संगणकालाही ती देता येते, आणि आज बरेच जण तेच करतात.

पण शिदोरीशिवायची जुनी, सरळ वाट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे एक हटवादी पर्याय भेटतो: ‘रूट फाइल सिस्टम ऑन एनएफएस’. नेटवर्क फाइलसिस्टमच्या उपमेनूत तो शोधायला गेलात तर दिसतच नाही. राखाडी होत नाही, कुलूपही दाखवत नाही; यादीत त्याची ओळच नसते. त्याच्या दोन अटी आहेत. एनएफएस क्लायंट वाय असला पाहिजे, एम चालणार नाही. आणि कर्नलने स्वतः आयपी पत्ता मिळवण्याची सोय चालू पाहिजे. ती सोय फाइलसिस्टमच्या दालनात नाहीच, नेटवर्किंगच्या मेनूत खोलवर आहे. दोन्ही अटी पुऱ्या केल्या की ओळ प्रकट होते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर वाय करण्याची आठवण मात्र हा पर्याय करून देत नाही. ती जबाबदारी बांधणाऱ्याची. ही रचना मला मनापासून पटते. निरर्थक ठरेल अशी निवड ती करूच देत नाही, आणि एका दालनातल्या निर्णयाची मुळं दुसऱ्या दालनात कशी असतात ते शिकवते.

याच मेनूत मराठी वापरणाऱ्यांच्या कामाचा एक कोपराही आहे. फॅट फाइलसिस्टममध्ये लांब नावं युनिकोडात साठतात, पण ती दाखवताना कोणती अक्षरमाला वापरायची हे कर्नलच्या पर्यायावर ठरतं, आणि त्याचं मूळ उत्तर आहे पश्चिम युरोपची आयएसओ ८८५९-१. त्या अक्षरमालेत देवनागरी नाही. ‘सातबारा’ नावाची फाइल मग प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसते. यूटीएफ-८ नेहमीसाठी लावायचा स्वतंत्र पर्याय आहे, तोही मुळात एनवर. बऱ्याच वितरणांत डेस्कटॉप ही उणीव भरून काढतो. स्वतः बांधलेल्या कर्नलवर ती आपल्यालाच भरावी लागते.

आता काळजीचं. या मेनूतल्या ओळी कायमच्या नसतात. रायझरएफएस एके काळी लोकप्रिय होती. २०२२ मध्ये तिला निरोपाची सूचना लागली आणि ६.१३ या आवृत्तीत ती कर्नलमधून गेली. एक्सटी३ चा वेगळा ड्रायव्हर २०१५ मध्येच गेला, पण एक्सटी४ चा ड्रायव्हर तिच्या डिस्क वाचतो, म्हणून कोणाचं अडलं नाही. एक्सएफएसची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या साठ्यांसाठी जगभर वापरली जाणारी ही फाइलसिस्टम. तिची जुनी चौथी आवृत्ती वाचण्याचा आधार सप्टेंबर २०२५ पासून मुळात बंद ठेवायचा आणि सप्टेंबर २०३० मध्ये काढून टाकायचा, असं कर्नलच्या दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे. चौथीची नवी पाचवी आवृत्ती जागच्या जागी करता येत नाही. सगळा डेटा दुसरीकडे उतरवायचा, डिस्क नव्याने फॉरमॅट करायची, डेटा परत भरायचा. औंढ्याची वेधशाळा काम सुरू करेल ते वर्षही साधारण २०३० च्या आसपासचं सांगितलं जातं. आयुकातला सारथी हा संगणकसमूह लिगोच्या विश्लेषणात आधीपासून आहे, देशातल्या इतर प्रयोगशाळांतही वर्षानुवर्षांचे साठे आहेत. कोणत्या कपाटातल्या कोणत्या डिस्कवर चौथी आवृत्ती आहे, याची यादी करायची वेळ आत्ताची आहे.

त्यापुढे १९ जानेवारी २०३८. एक्सएफएसच्या जुन्या रचनेत फाइलीची वेळ त्या दिवसापुढे लिहिता येत नाही. ‘बिगटाइम’ ही सोय ५.१० आवृत्तीत आली, तिने ही हद्द २४८६ पर्यंत ढकलली; पण ती सोय पाचव्या आवृत्तीलाच मिळते. लिगोच्या डेटाला एक जमेची बाजू आहे. त्याच्या फाइलींच्या नावातच ६ जानेवारी १९८० पासून मोजलेले जीपीएस सेकंद लिहिलेले असतात, त्यामुळे निरीक्षणाची वेळ फाइलसिस्टमच्या वेळेच्या शिक्क्यावर अवलंबून नाही. बॅकअप घेणाऱ्या, जुनं ते पुसणाऱ्या स्क्रिप्ट मात्र शिक्काच बघतात.

हे सगळं सांभाळायला माणसं लागतील, आणि ती दर वेळी पुण्याहून किंवा इंदूरहून यावीत असं मला वाटत नाही. हिंगोली, परभणी, नांदेडच्या कॉलेजांत संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांनी एकदा तरी कर्नल स्वतः बांधावा. सामान फार लागत नाही. दोन जुने संगणक, एक स्विच, एकाची डिस्क काढून ठेवलेली. दुसऱ्यावर एनएफएस सर्व्हर, आणि बूटच्या ओळीत मूळ फाइलसिस्टमचा पत्ता. पहिल्या खेपेला बहुधा पॅनिकच येईल. तेव्हा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर वाय आहे का ते बघावं. असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधावं, की समोरच्या संगणकाने आयपी पत्ता मागितला तरी होता का.