पंडिता रमाबाईंनी पाहिलेल्या शाळा

मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका व स्त्री-निरीक्षक नेमावेत, अशी मागणी पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे केली होती. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती अशक्यच वाटली असेल. पुढे १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. पाहतात तो काय, सार्वजनिक शाळा लोकांच्या करातून चाललेल्या, फी नाही, आणि शिकविणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच!

फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे तर त्यांनी तिथे रीतसर शिक्षणच घेतले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, ठोकळे मूल हाताळते, रचते, मोडते आणि त्यातूनच आकार व संख्या शिकते. आपल्याकडे तेव्हा धूळपाटी, घोकंपट्टी आणि पंतोजींची छडी. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. १८९० मध्ये ते पुण्यास आले.

माझी आई शाळेत गेलेली नाही. धाकट्या बहिणीला आणायला मी विश्रांतवाडीतल्या एका बालवाडीत जातो. तिथे रंगीत ठोकळे आहेत, पण मुले हरवतील म्हणून ते कपाटात कुलूपबंद असतात. बाहेर पाढे चालू असतात.